हडकलेलं मांजर दत्तक घेतलंय? वजन वाढवण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोसायटीच्या पार्किंगमधून उचललेलं, शेल्टरमधून आणलेलं किंवा कुणी घर बदलताना मागे सोडून गेलेलं मांजर घरी येतं, तेव्हा घरातल्या प्रत्येकाला एकच घाई असते: याला पोटभर खाऊ घालायचं. ती माया हवीच. पण बरेच दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला काय, किती आणि कोणत्या क्रमानं द्यायचं यावर त्या जिवाचं वाचणं ठरू शकतं, म्हणून हे पान जरा सविस्तर लिहिलं आहे. उत्तरं आपल्याकडच्या देशी मांजरांना समोर ठेवून दिली आहेत.

मांजर खरंच कमी वजनाचं आहे की अंगकाठीच बारीक आहे, हे कसं ओळखायचं?

नुसत्या किलोवर जाऊ नका. देशी मांजर मुळातच सडपातळ असतं. साधारण तीन ते साडेचार किलोचं मोठं मांजर ठीक म्हणता येतं, पण लहान चणीची भाटी अडीच-पावणेतीन किलोतही सुदृढ असू शकते आणि रुंद खांद्यांचा बोका साडेतीन किलोवरही हडकलेला असू शकतो.

हातानं तपासा. पशुवैद्य १ ते ९ अशी श्रेणी वापरतात. त्यात ५ म्हणजे उत्तम आणि ३ किंवा त्याखाली म्हणजे कमी वजन. घरी करण्याची पद्धत सोपी आहे. तळहात पालथा करून बोटं सरळ ठेवा आणि दुसऱ्या हाताची बोटं त्या पालथ्या बाजूवरून फिरवा. सुदृढ मांजराच्या बरगड्या तशाच लागतात: हाडं कळतात, पण वर पातळ थर असतो. आता मूठ आवळून बोटांच्या उंचवट्यांवरून हात फिरवा. बरगड्या अशा टोकदार लागल्या तर मांजर बारीक आहे. मग पाठीच्या कण्यावरून, खांद्याच्या पात्यांवरून आणि शेपटीच्या मुळाजवळच्या हाडांवरून हात न्या. तिथं मांस उरलेलं नसेल तर चरबीबरोबर स्नायूही झिजले आहेत आणि ते भरून यायला जास्त वेळ लागतो. पर्शियनसारखी लांब केसांची मांजरं डोळ्यांना गुबगुबीत दिसतात आणि हाताला सापळा लागतात, त्यामुळे त्यांच्या बाबतीत तर दिसण्यावर अजिबात विसंबू नका.

पहिल्या दिवशी किती खायला घालू? ते तर अधाशासारखं खातंय.

या प्रश्नाचं उत्तर नीट वाचा, कारण सगळ्यात मोठा धोका इथंच आहे.

मांजर बारीक असलं तरी रस्त्यावर रोज काहीतरी खात होतं, चालतं-फिरतं, तरतरीत आहे, असं असेल तर त्याला साधारण गरजेइतकं खाणं चार-पाच छोट्या भागांत द्या. एकदम भरलेली ताटली दिली की उलटी किंवा जुलाब होतात आणि मिळालेलं अन्न वाया जातं.

पण मांजर अनेक दिवस कुठेतरी अडकून पडलेलं असेल, बंद घरात राहिलेलं असेल, नुसता सापळा झालेलं असेल, तर गोष्ट वेगळी आहे. उपासमारीत शरीरातला फॉस्फरस, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम यांचा साठा आटलेला असतो. अशा वेळी एकदम भरपूर अन्न, त्यातही भात-पोळीसारखं पिष्टमय अन्न पोटात गेलं की इन्सुलिन वाढतं आणि रक्तात उरलेली ही द्रव्यं झपाट्यानं पेशींमध्ये ओढली जातात. रक्तातली त्यांची पातळी कोसळते. तांबड्या पेशी फुटू शकतात, स्नायू लुळे पडतात, हृदयाचे ठोके बिघडतात. याला रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात आणि तो खाणं सुरू केल्यावरच्या पहिल्या काही दिवसांत दिसतो. ‘काल तर छान खाल्लं, आज मान टाकली’ असं ज्यांच्याबद्दल ऐकू येतं, त्यांतल्या काहींच्या बाबतीत हेच झालेलं असतं.

अशा मांजराला आधी दवाखान्यात न्या. तिथं रक्त तपासून, गरज असेल तर सलाईन लावून खाणं सुरू करतात. साधारण रीत अशी: पहिल्या दिवशी नुसतं पडून राहायला लागणाऱ्या ऊर्जेच्या (तिचं गणित पुढच्या प्रश्नात आहे) पाव भाग, मग त्रास दिसला नाही तर रोज थोडं थोडं वाढवत चार-पाच दिवसांत पूर्ण. अन्न मांसाचं, ओलं, पिष्ट कमी असलेलं. अडीच किलोच्या मांजराला पाव भाग म्हणजे दिवसभरात मिळून जेमतेम अर्धं पाऊच होतं. ते ताटली चाटत तुमच्याकडे बघत राहतं तेव्हा मन घट्ट करावं लागतं. करा.

दिवसाचं खाणं नेमकं कसं मोजायचं?

दोन किलोच्या वरच्या मांजरासाठी एक सोपं सूत्र आहे: वजनाला ३० नं गुणा आणि त्यात ७० मिळवा. अडीच किलोचं मांजर असेल तर ७५ अधिक ७०, म्हणजे सुमारे १४५ किलोकॅलरी. ही नुसतं पडून राहायला लागणारी ऊर्जा. बारीक पण तरतरीत मांजराची सुरुवात इथून करायची, सापळा झालेल्याची वर सांगितल्याप्रमाणे याच्या पाव भागापासून.

खाणं पचतंय, शी घट्ट होतेय असं दिसलं की गणित आताच्या वजनावरून न करता पुढच्या वजनावरून करायचं. त्याच मांजरानं साडेतीन किलोपर्यंत जावं असं डॉक्टरांना वाटत असेल, तर १०५ अधिक ७० म्हणजे १७५, त्याला १.२ नं गुणलं की २१० किलोकॅलरी. ओल्या खाण्याच्या ७० ते ८५ ग्रॅमच्या पाऊचमध्ये बहुधा ६० ते ८० किलोकॅलरी असतात आणि कोरड्या खाण्याच्या १०० ग्रॅममध्ये ३५० ते ४००. म्हणजे दिवसाला एक पाऊच आणि ३५ ते ४० ग्रॅम कोरडं खाणं, एवढ्यात हिशेब बसतो. आपण घेतलेल्या पाकिटावरचा आकडा मात्र बघाच, कंपनीगणिक बराच फरक असतो. कोरडं खाणं मुठीनं किंवा वाटीनं न मोजता स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजा.

वजन वाढवायचं असेल तेव्हा मोठ्या मांजरालाही पिल्लांसाठीचं खाणं देता येतं. त्यात प्रथिनं आणि ऊर्जा जास्त असते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

डॉक्टरांकडे कधी न्यावं? तिथं काय काय तपासायला सांगू?

मांजर वरवर ठीक दिसत असलं तरी पहिल्या दोन-तीन दिवसांत न्या. जाताना ताज्या शीचा नमुना छोट्या डबीत घेऊन जा. जंतांची अंडी आणि जिआर्डिया, कॉक्सिडिया हे आतड्यातले सूक्ष्म परजीवी यांचा त्यावरूनच पत्ता लागतो. तोंड उघडून दात आणि हिरड्या बघायला सांगा. बारीक मांजरांत तोंडाचं दुखणं फार आढळतं. हिरड्या पांढुरक्या असतील तर रक्त कमी आहे, पिवळट असतील तर यकृताकडे किंवा फुटणाऱ्या तांबड्या पेशींकडे लक्ष द्यावं लागतं. रक्ताची साधी तपासणी आणि एफआयव्ही, एफईएलव्ही या मांजराची प्रतिकारशक्ती खच्ची करणाऱ्या दोन विषाणूंची चाचणी करून घ्या. आठ-दहा वर्षांच्या पुढचं मांजर वाटलं तर मूत्रपिंड, साखर आणि थायरॉइडही बघायला सांगा.

खर्चाची अडचण असेल तर सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आणि पशुवैद्यकीय महाविद्यालयांचे दवाखाने लक्षात ठेवा. मुंबईत परळला १८८६ मध्ये सुरू झालेलं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि परळलाच बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे. नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ इथंही पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तालुक्याच्या दवाखान्यात गाई-म्हशींची गर्दी असते आणि मांजर घेऊन गेल्यावर काही जण हसतात. हसू द्या. रांगेत उभं राहा.

जंतांचं औषध मेडिकलमधून आणून घरीच दिलं तर?

नको. माणसांसाठीच्या गोळीचा तुकडा करून देणं तर मुळीच नको. आपल्या घरांत सहज सापडणाऱ्या अल्बेंडाझोलनं मांजराच्या अस्थिमज्जेला इजा होऊ शकते. मांजरासाठी बहुतेक वेळा प्रॅझिक्वांटेल आणि पायरँटेल यांचं मिश्रण देतात आणि डोस वजनावर ठरतो. एका डोसनं काम संपत नाही. औषध आतड्यातले मोठे जंत मारतं, शरीरात इतरत्र फिरणाऱ्या अळ्या नंतर आतड्यात येऊन वाढतात, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा द्यावं लागतं.

गुदद्वाराजवळ किंवा अंथरुणावर तांदळाच्या कणीसारखे पांढरे दाणे दिसले तर ते पट्टकृमीचे तुकडे. हा कृमी पिसवांमधून येतो. मांजर अंग चाटताना पिसू गिळतं आणि पुन्हा जंत होतात, त्यामुळे पिसवांवर इलाज केल्याशिवाय तो जात नाही. पिसवांसाठी कुत्र्यांचं औषध चुकूनही वापरू नका. त्यात परमेथ्रिन असेल तर मांजराला झटके येऊन ते दगावू शकतं. औषधांचा विषय निघालाच आहे तर हेही लक्षात ठेवा: ताप वाटतोय म्हणून दिलेली पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेते. मांजराच्या खोलीत फिनेलनं फरशी पुसणंही टाळा.

आजी म्हणते, दूध-पोळी घाल, आठ दिवसांत गोल होईल.

आजीच्या घरी दूध-पोळीवर मांजरं जगली, कारण ती उरलेल्या वेळात उंदीर, पाली, चिमण्या, नाकतोडे खात होती. त्यांचं खरं जेवण ते होतं. तुमच्या फ्लॅटमधल्या मांजराला ताटलीत येईल तेवढंच मिळणार आहे.

मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दुधातली साखर पचत नाही. जुलाब होतात आणि बारीक मांजराला जुलाब परवडत नाहीत. पोळी आणि भात यांतून ऊर्जा मिळते, पण मांजराच्या शरीराला स्नायू बांधायला प्राणिज प्रथिनं लागतात. टॉरिन नावाचं द्रव्य तर त्याला अन्नातूनच मिळावं लागतं. ते कमी पडलं की डोळ्यांचा पडदा खराब होतो आणि हृदय पसरून दुबळं होतं. टॉरिनच्या कमतरतेमुळे मांजरांना हा हृदयविकार होतो हे १९८७ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिलं, त्यानंतर कंपन्यांनी मांजराच्या खाण्यातलं टॉरिन वाढवलं.

आजीला प्रेमानं खाऊ घालायचंच असेल तर उकडलेल्या अंड्याचा छोटा तुकडा तिच्या हातात द्या.

तूप घातलं तर लवकर भरेल का?

तुपाचं एखादं बोट चाटलं म्हणून बिघडत नाही, पण रोज घालून उपयोग नाही. अंगावर आधी स्नायू यायला हवेत आणि तुपात प्रथिनं नसतात. अशक्त पोटाला ते जास्त झालं की जुलाब होतात.

रोज उकडलेलं चिकन आणि मासे देते. एवढं पुरेसं नाही का?

काही दिवस, पोट सावरेपर्यंत, बिनमिठाचं उकडलेलं चिकन उत्तम. आजारातून उठलेली कित्येक मांजरं पहिला घास चिकनचाच खातात. पण महिनोन्‌महिने नुसतं चिकन दिलं तर कॅल्शियम फार कमी पडतं. वाढत्या पिल्लांची हाडं त्यामुळे इतकी ठिसूळ होतात की उडी मारताना मोडतात. शिवाय उकळताना टॉरिन पाण्यात उतरतं आणि ते पाणी आपण बेसिनमध्ये ओततो. ते पाणी कोमट करून खाण्यावर घाला, मांजराला वासही आवडतो. घरचंच खाणं द्यायचं ठरवलं असेल तर कॅल्शियम, टॉरिन आणि जीवनसत्त्वांचं प्रमाण पशुवैद्याकडून लिहून घ्या. नाहीतर दिवसाचं बहुतेक खाणं तयार, ‘संपूर्ण आहार’ असं लिहिलेलं ठेवा आणि चिकन त्यावर चवीपुरतं.

मासे शिजवून, काटे काढून द्या. कच्च्या माशांपैकी कित्येकांत थायामिनेज असतं, ते ब-१ जीवनसत्त्व नष्ट करतं आणि त्यानं मांजराचा तोल जातो, झटके येतात. शिजवल्यावर तो धोका राहत नाही. कोकणात आणि मुंबईत सुकट, सुके बोंबील, जवळा देण्याची पद्धत आहे. वासानं मांजर वेडं होतं हे खरं, पण त्यात मीठ फार असतं. जेवायला अजिबात तयार नसलेल्या मांजराच्या ताटलीवर धुतलेल्या जवळ्याची चिमूट टाकणं इतपतच त्याचा उपयोग करा. आपल्या ताटातला रस्सा लावून भात देऊ नका. कांदा आणि लसूण यांनी मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात, आणि आपला कोणता रस्सा त्यांच्याशिवाय होतो?

आमच्या घरात मांसाहार चालत नाही. शाकाहारावर वजन वाढवता येईल?

नाही. मांजर पूर्ण मांसाहारी प्राणी आहे. गाजरातल्या बीटा-कॅरोटिनपासून ‘अ’ जीवनसत्त्व करणंसुद्धा त्याच्या शरीराला जमत नाही. पनीर, दही, डाळ यांवर ते काही काळ जगेल, पण आतून झिजत जाईल.

पण यातून वाट निघते. तयार पाऊच आणि कोरडं खाणं शिजवावं लागत नाही. स्वयंपाकघराबाहेर, बाल्कनीत किंवा पॅसेजमध्ये एक खण, वेगळ्या ताटल्या, वेगळा चमचा आणि वेगळी घासणी एवढी सोय झाली की पुष्कळ शाकाहारी घरांत मांजरं छान राहतात. घरातल्या मोठ्यांशी हे आधीच मोकळेपणानं बोला. तेही त्यांना चालणार नसेल तर त्या मांजरासाठी दुसरं घर शोधून देणं हेच त्याच्या हिताचं आहे.

घरी आणल्यापासून कपाटाखाली बसलंय, खातच नाही.

नवी जागा, नवे आवाज, कुकरच्या शिट्ट्या यांची भीती असते. त्याला एकच लहान, शांत खोली द्या. लपायला पुठ्ठ्याचं खोकं, एका कोपऱ्यात वाळूचा ट्रे, त्यापासून लांब पाणी आणि खाणं. घर दाखवायला सगळीकडे फिरवू नका, पाहुण्यांना बोलावू नका. पुष्कळ मांजरं घर झोपल्यावर रात्री खातात. आधी सांभाळणाऱ्या माणसाला ते काय खात होतं ते विचारा आणि तेच द्या. बदल नंतर करा, सात ते दहा दिवसांत, जुन्यात नवं थोडं थोडं मिसळत.

मांजर वासावर खातं. फ्रिजमधून काढलेलं थंड पाऊच त्याला मातीसमान वाटतं. वाटी गरम पाण्यात ठेवून खाणं अंगाइतकं कोमट करा. सर्दीनं नाक बंद असेल तर मऊ ओल्या कापसानं नाक पुसून घ्या आणि न्हाणीघरात गरम पाण्याची वाफ करून थोडा वेळ त्याला घेऊन बसा. ताटलीजवळ येतं, वास घेतं आणि मागं सरतं, किंवा घास घेऊन ओरडतं, तर तोंडात व्रण असण्याची शक्यता आहे. कॅलिसी विषाणूनं जिभेवर असे व्रण होतात.

किती वाट बघायची? मोठं पण हडकलेलं मांजर २४ तास काहीच खात नसेल तर डॉक्टरांना दाखवा. पिल्लांसाठी अर्धा दिवससुद्धा फार झाला. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की शरीरातली चरबी यकृतात साचू लागते आणि त्यातून यकृत निकामी होऊ शकतं. जाड मांजरांना हा धोका जास्त, पण बारीक मांजरंही त्यातून सुटलेली नाहीत.

सिरिंजनं भरवू का?

डॉक्टरांनी समोर करून दाखवल्याशिवाय नको. घाईनं भरवलेलं अन्न श्वासनलिकेत जातं आणि न्यूमोनिया होतो. दुसरंही एक नुकसान आहे: मळमळत असताना जबरदस्तीनं भरवलेल्या खाण्याचा मांजर कायमचा तिटकारा करू शकतं. बरेच दिवस खाणं बंद असेल तर नाकातून किंवा मानेतून नळी घालून भरवतात. ऐकायला क्रूर वाटतं, आणि घरचे बहुतेकदा नकोच म्हणतात. पण नळीमुळे मांजराशी रोजची झटापट टळते, औषधंही त्यातूनच जातात आणि ते स्वतःहून खाऊ लागलं की नळी काढून टाकतात. डॉक्टरांनी सुचवलं तर हो म्हणा.

भूक वाढवायचं औषध किंवा टॉनिक मिळतं का?

मिर्टाझापीन हे भूक वाढवणारं औषध पशुवैद्य वापरतात. माणसांच्या गोळीचा अगदी लहान भाग लागतो आणि तो जास्त झाला तर मांजर अस्वस्थ होऊन सारखं ओरडत फिरतं, म्हणून प्रमाण डॉक्टरांनीच ठरवायचं. त्याआधी भूक का गेली ते शोधायला हवं. दात दुखत असताना भूक वाढवून काय होणार? आतड्याच्या जुन्या आजारात ब-१२ ची इंजेक्शनं चांगली लागू पडतात. लिव्हर टॉनिकच्या बाटल्यांनी मात्र वजन वाढत नाही.

भरपूर खातंय, तरी अंगाला लागत नाही.

आधी जंत. शी तपासून दोनदा औषध झालं का ते बघा. मग खाणं खरंच तेच मांजर खातंय का ते बघा. घरात दुसरं मांजर असेल तर ताटली कोण साफ करतं हे पुष्कळांना ठाऊकच नसतं. वयस्क मांजर अधाशासारखं खातंय, सारखं ओरडतंय आणि तरी वाळतंय, तर थायरॉइड. खूप पाणी पितंय आणि वाळूत मोठमोठे गोळे निघतायत, तर मधुमेह किंवा मूत्रपिंड. शी सतत पातळ, चिकट, दुर्गंधी असेल तर आतड्याचा दाह किंवा जिआर्डिया. अशा मांजराला अजून एक पाऊच वाढवत बसण्यात आठवडे जातात.

पाठीचा कणा दिसतोय आणि पोट मात्र गोल आहे. म्हणजे भरत चाललंय ना?

बहुधा नाही. पिल्लू असेल तर जंतांनी पोट फुगतं. भाटी असेल तर ती गाभण असू शकते. नऊ आठवड्यांचा काळ असतो आणि रस्त्यावरून आणलेल्या भाटीबद्दल ही शक्यता पहिल्याच दिवशी तपासायला हवी, कारण त्यावर औषधं आणि खाणं दोन्ही ठरतं. तिसरी शक्यता एफआयपीची, म्हणजे मांजरांच्या कोरोना विषाणूमुळे होणाऱ्या गंभीर आजाराची. त्यात पोटात पिवळसर पाणी साचतं, ताप येत-जात राहतो. काही वर्षांपूर्वीपर्यंत हे निदान म्हणजे शेवट मानला जायचा. आता जीएस-४४१५२४ या औषधानं अनेक मांजरं पूर्ण बरी होतात, पण इलाज लवकर सुरू व्हावा लागतो. पोट फुगलेलं मांजर ‘भरलंय’ असं समजून थांबू नका.

वजन कसं आणि किती वेळा करायचं?

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळच्या खाण्याआधी. मांजराला कडेवर घेऊन आपल्या काट्यावर उभं राहायचं आणि मग आपलं वजन वजा करायचं, या पद्धतीत शे-दोनशे ग्रॅमची चूक सहज होते. आपल्याला तर आठवड्याची ५० ते १०० ग्रॅमची वाढ पकडायची आहे. बाळांचा वजनकाटा घ्या किंवा दवाखान्यातल्या काट्यावर न्या. पिल्लांना स्वयंपाकघरातला काटा आणि एक टोपली पुरते. आकडा वहीत लिहा, शेजारी शी कशी होती आणि किती खाल्लं तेही. डॉक्टरांना ही वही दहा प्रश्नांची उत्तरं देते. मोठ्या मांजराला एक किलो भरून यायला तीन-चार महिने लागतात आणि तो वेग चांगला आहे.

पिल्लू आहे, हातात मावतंय. त्याला काय वेगळं?

जवळपास सगळंच. निरोगी पिल्लू आठवड्याला साधारण १०० ग्रॅम वाढतं, आणि एखादा दिवस वजन थांबलं तरी काळजी घ्यायला हवी. त्याचं वजन रोज करा. चार आठवड्यांखालच्या पिल्लाला मांजरांच्या पिल्लांसाठीची दुधाची पावडर लागते, गाईचं दूध चालत नाही. ते पालथं ठेवून पाजा, बाळासारखं उताणं धरून पाजू नका.

पिल्लू हाताला गार लागत असेल तर आधी ऊब, मग खाणं. गार शरीरात आतडी चालत नाहीत आणि पाजलेलं दूध आत कुजतं किंवा फुफ्फुसात जातं. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा, सरकायला जागा सोडा. पिसवांनी भरलेलं पिल्लू रक्त कमी होऊन दगावू शकतं. इतक्या लहान वयात बहुतेक औषधं चालत नाहीत, म्हणून बारीक दातांच्या फणीनं पिसवा काढून साबणाच्या पाण्यात टाका.

घरात आधीचं मांजर आहे. दोघांचं कसं करू?

पहिले दोन आठवडे वेगळ्या खोलीत, वेगळी भांडी, हात धुऊन ये-जा. पॅनल्यूकोपेनिया हा मांजरांचा जीवघेणा आजार कपड्यांवरून आणि चपलांवरूनही पसरतो, त्यामुळे आधीच्या मांजराचं लसीकरण झालंय ना ते आजच बघा. नव्याला लस कधी द्यायची ते डॉक्टर त्याची तब्येत बघून सांगतील. एकत्र आल्यावरही जेवण मात्र दार लावून वेगळं द्या. दिवसभर भरलेली एकच वाटी ठेवली की जाड जाड होतं आणि बारीक बारीकच राहतं.

नवं मांजर घाबरून चावलं किंवा ओरबाडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी दवाखान्यात जा. ‘घरचंच आहे’ म्हणून टाळू नका.

पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात काही वेगळं करावं लागतं का?

पावसाळ्यात कोरडं खाणं सादळतं आणि त्याला बुरशी धरते. मोठी पोती स्वस्त पडतात, पण एका मांजरासाठी छोटं पाकीट घ्या आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. ताटलीला मुंग्या लागत असतील तर ती पाणी घातलेल्या परातीत ठेवा. खडूची किंवा फवाऱ्याची औषधं ताटलीजवळ नकोत. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ओलं खाणं अर्ध्या तासापेक्षा जास्त बाहेर ठेवू नका, जेवणं पहाटे आणि रात्री उशिरा ठेवा, खाण्यात दोन चमचे पाणी मिसळा. थंडीत अंगावर चरबी नसलेलं मांजर कुडकुडण्यातच ऊर्जा घालवतं, त्याला अंथरूण जमिनीपासून उंच आणि उबदार द्या.

नसबंदी लगेच करून टाकू का?

मांजर भूल सोसण्याइतकं झालं की करा, फार लांबवू नका. माजावर आलेली भाटी खात नाही, रात्रभर ओरडते आणि कमावलेलं वजन घालवते. बोका बाहेर पळून मारामाऱ्या करतो. रक्ताचा अहवाल ठीक आला आणि वजन सलग काही आठवडे वाढत राहिलं की डॉक्टर बहुधा तारीख देतात.

हवं तेवढं वजन झालं, हे कसं कळणार? आणि मग पुढे?

बरगड्या पालथ्या हातासारख्या लागतात, वरून बघितलं तर कमरेला हलकी खोच दिसते, कण्याच्या दोन्ही बाजूंना मांस भरलेलं असतं. केसांची चमक आणि उड्या आधीच परत आलेल्या असतात. इथं पिल्लांचं खाणं हळूहळू बंद करून मोठ्यांच्या खाण्यावर आणा आणि प्रमाण थोडं कमी करा, विशेषतः नसबंदी झाली असेल तर, कारण त्यानंतर ऊर्जेची गरज घटते आणि भूक वाढते. उपासमार सोसलेली मांजरं अन्न समोर असलं की थांबत नाहीत. त्यांना ठरल्या वेळी मोजून देत राहा.

वजन आता महिन्यातून एकदा करा. प्रयत्न न करता दहावा हिस्सा वजन उतरलं, म्हणजे चार किलोच्या मांजराचे ४०० ग्रॅम गेले, तर ते खेळत-खात असलं तरी वही घेऊन डॉक्टरांकडे जा.